सेल्फ मारतेय पण पेटत नाही : मारुती ८०० च्या नोंदी

१७ मे २०२५, शनिवार

गाडी मारुती ८००, १९९२ ची, एमएच ०९, म्हणजे कोल्हापूरची. एफ८बी इंजिन, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटर. इग्निशन जुन्या पद्धतीचं, पॉइंट-कंडेन्सरवालं. पॉइंट म्हणजे उघडझाप करणारा स्विच, तो उघडला की कॉइल प्लगसाठी जास्त दाबाचा करंट सोडते. पहिली ८०० डिसेंबर १९८३ मध्ये गिऱ्हाइकाच्या हातात पडली आणि शेवटची जानेवारी २०१४ मध्ये बनली. मधल्या काळात हेच इंजिन ओम्नीतही बसलं, त्यामुळे पार्ट अजून मिळतात. कसले मिळतात, हा वेगळा विषय.

आज पावसाळ्याआधीचं काम उरकलं. इंजिन ऑइल आणि फिल्टर, तिन्ही प्लग, डिस्ट्रिब्युटरची (कॉइलचा करंट एकेका प्लगला वाटणारा भाग) कॅप, तिच्याखाली फिरून करंट पोचवणारा रोटर, प्लगच्या वायरी आणि टायमिंग बेल्ट (कॅमशाफ्टला फिरवणारा दातेरी पट्टा). कॅप-वायरींचं कारण मागचा जुलै. सायबर चौकात भर पावसात गाडी मिसिंग मारत उभी राहिली होती. तेव्हा कॅप उघडली तर आतून एका खुंटीपासून (प्लगच्या वायरीचं कॅपमधलं टोक) दुसऱ्या खुंटीकडे केसासारखी काळी रेघ गेलेली. ओल धरली की करंट त्या रेघेवरून पळतो. कॅप तेव्हा साफ करून चालवली, यंदा बदलायची ठरलेलीच होती. कॅप बदलायची तर रोटरही बदलावा, दोघांची झीज जोडीनं होते.

हात न लावलेल्या गोष्टी: पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, कार्ब्युरेटर, पेट्रोल पंप, बॅटरी. ही यादी मुद्दाम लिहून ठेवतो. बिघाड शोधताना तिचा उपयोग केलेल्या कामाच्या यादीपेक्षा जास्त होतो.

सकाळी तेल गरम करायला गाडी रंकाळ्याला वळसा घालून आणली, तेव्हा ठणठणीत होती. संध्याकाळी सगळं बसवून किल्ली फिरवली. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन साधं खोकतसुद्धा नाही. थोड्या वेळानं पेट्रोलचा वास यायला लागला, तेव्हा थांबलो. दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ एका दमात मारायचा नाही, आणि मध्ये मिनिटभर तरी थांबायचं. नाहीतर सेल्फ आणि बॅटरी दोन्ही बसतात आणि मूळ दुखणं बाजूलाच राहतं.

१८ मे, रविवार

मंगळवार पेठेत गल्लीत बॉनेट उघडलं की सल्ला फुकट मिळतो. सकाळपासून मिळालेले: पेट्रोलमध्ये पाणी आहे, बॅटरी उतरली आहे, "भावा, बेल्टचा दात सरकलाय, लिहून घे." तालमीतली पोरं ढकलायला तयार होती. त्यांना चहा पाजून परत पाठवलं. ढकलून चालू करण्याचा उपयोग सेल्फ किंवा बॅटरी कमजोर असेल तेव्हा. इथं सेल्फ व्यवस्थित फिरतोय.

बॅटरी: नुसती १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४. चांगली आहे.

प्लग काढले. तिन्ही ओले. म्हणजे पेट्रोल येतंय, पेटत नाही. प्लग पुसून उन्हात ठेवले. चोक न ओढता, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, प्लग नसतानाच थोडा सेल्फ मारला, सिलिंडरमधलं जास्तीचं पेट्रोल बाहेर पडलं. मग बॉनेट उघडं ठेवून वास जाऊ दिला. पेट्रोलची वाफ असताना ठिणगी पाहायला जाऊ नये. हे सांगायची वेळ येऊ नये, पण आमच्या गल्लीत बिडी ओढत वाकून बघणारेही आहेत.

ठिणगीची तपासणी. प्लग वायरीला लावून त्याचं लोखंड इंजिनला टेकवलं, भाच्याला सेल्फ मारायला सांगितलं. पहिला प्लग, काही नाही. दुसरा, तिसरा, तेच.

मग कॉइलकडून कॅपच्या मध्यावर येणारी वायर काढली आणि इन्सुलेटेड पकडीनं तिचं टोक इंजिनपासून सहा-सात मिलिमीटरवर धरलं. निळी, जाड, चटचट आवाज करणारी ठिणगी. म्हणजे पॉइंट उघडझाप करतायत, कंडेन्सर ठीक आहे, कॉइल करंट बनवतेय. हात न लावलेल्या यादीतलं इग्निशनचं सगळं सामान निर्दोष.

आता तिन्ही प्लग एकदम मेले म्हणजे दोष तिघांच्या सामायिक वाटेवर असणार. एकेका वायरीत असता तर एक किंवा दोन सिलिंडर गेले असते, गाडी लंगडत का होईना चालू झाली असती. सामायिक वाट कॉइलच्या वायरीपासून सुरू होते. तिथून कॅपच्या मध्यावरचा कार्बन आणि मग रोटर, बस्स. वायर निर्दोष ठरली. उरले दोघं, आणि दोघंही कालच डब्यातून काढलेले.

वायरींची अदलाबदल झाली आहे का तेही पाहिलं. फायरिंग ऑर्डर १-३-२. तीन सिलिंडरमध्ये चुकायला जागा कमीच, क्रम एक तर बरोबर असतो नाहीतर बरोबर उलटा. बरोबर आहे. शिवाय क्रम उलटा असता तरी ठिणगी दिसलीच असती, अवेळी का होईना.

बेल्टवाल्यांसाठी: या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टच्या टोकाला बसतो. कॅप काढून सेल्फ मारला, रोटर फिरतोय. म्हणजे बेल्ट कॅमला फिरवतोय. एक दात इकडेतिकडे झालेली गाडी बहुतेक वेळा चालू होते, फक्त ओढत नाही. आणि बेल्ट कितीही चुकीचा बसला तरी प्लगवरची ठिणगी गायब होत नाही. तरीही वरचं कव्हर काढून खुणा सगळ्यांना दाखवल्या. जुळलेल्या होत्या. तोंडं बंद झाली नाहीत, पण विषय कार्ब्युरेटरवर गेला.

१९ मे, सोमवार

जुनी कॅप ठेवली होती, ती बसवली. फरक नाही. जुन्या वायरीही लावल्या. फरक नाही.

जुना रोटर सापडत नाही. आईनं काल सकाळी भंगारवालीला जुना फिल्टर, प्लग आणि "ते काळं बोंडूक" दिलं. बदल्यात चहाची गाळणी आली आहे.

नवा रोटर मीटरवर तपासला. पितळी पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. पट्टी ते आतलं भोक, जिथं शाफ्ट बसतो, तिथं रीडिंग अनंत, म्हणजे गळती नाही. डोळ्यांना तडा दिसत नाही. कागदोपत्री रोटर निर्दोष. कॅपही निर्दोष. आणि प्लगला करंट नाही.

२० मे, मंगळवार

दुपारी वळीव. गाडीवर ताडपत्री. डिस्ट्रिब्युटर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला.

दुकानदाराकडे गेलो. सज्जन माणूस, काही न विचारता त्याच खोक्यातला दुसरा रोटर दिला, पहिला परतही घेतला नाही. घरी येऊन बसवला. फरक नाही.

२१ मे, बुधवार

काल रात्री विचार उलटा फिरला होता. दोन नवे रोटर, दोन्ही खराब कसे असतील? मग दोष रोटरमध्ये नाही, कॉइलमध्येच आहे. मोकळ्या हवेत ठिणगी देते, पण पुढं ओझं आलं की दम सोडते. अशा कॉइल असतात, विशेषतः तापल्यावर. म्हणून आज ओळखीच्या गॅरेजमधून चालू गाडीची कॉइल आणून लावली. फरक नाही.

मग जे रविवारीच डोक्यात यायला हरकत नव्हती ते केलं. कॅप आणि रोटर दोन्ही वगळले. कॉइलची वायर थेट एक नंबरच्या प्लगला लावली, प्लग इंजिनला टेकवला, सेल्फ मारला. प्लगवर झकास ठिणगी. ती प्रत्येक सिलिंडरच्या वेळी पडते, त्यामुळे अशानं इंजिन चालणार नाही, पण तपासणीला एवढं पुरतं. कॉइलपर्यंत सगळं ठीक, प्लगही ठीक. ज्या दोन गोष्टी मध्ये आल्या की करंट नाहीसा होतो त्या म्हणजे कॅप आणि रोटर. कॅप जुनी लावली तरी तेच, नवी लावली तरी तेच. उरला रोटर, मग तो नवा असो की आणखी नवा.

दुसरा नवा रोटर खिशात घालून शिरोलीला कंपनीत नेला. इलेक्ट्रिकलवाल्यानं मेगर (जास्त दाबानं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला, १००० व्होल्ट. रीडिंग अनंत. "ह्यात काय बी नाही," म्हणाला.

२२ मे, गुरुवार

संध्याकाळी शेजारचे आप्पा आले. आयुष्य उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत गेलेलं, आधी ऑइल इंजिनं, मग गाड्या. कोल्हापूरचे जुने नामांकित कारागीर म्हादबा मेस्त्री यांचं नाव निघाल्याशिवाय त्यांची बैठक मोडत नाही. मी मीटरची आणि मेगरची रीडिंग वाचून दाखवली. ऐकून घेतली आणि म्हणाले, "आरं, करंट कुठं जातुय ते मीटरला कशाला इचारतुयास? करंटलाच इचार."

त्यांनी केलं ते असं. कॅप काढून बाजूला. रोटर शाफ्टवर तसाच. पॉइंट मिटलेले असतील इथपर्यंत इंजिन हातानं फिरवलं. इग्निशन ऑन. कॉइलची वायर इन्सुलेटेड पकडीत धरून तिचं टोक रोटरच्या पितळी पट्टीच्या मध्यावर पाच-सहा मिलिमीटर वर ठेवलं. मग प्लॅस्टिकच्या मुठीच्या बारक्या स्क्रूड्रायव्हरनं पॉइंट उघडले. पॉइंट उघडले की कॉइल करंट सोडते.

रोटर चांगला असेल तर या करंटला पुढं जायला वाट नसते. पट्टी हवेत, खाली प्लॅस्टिक, त्याखाली शाफ्ट. फार तर एखादी पुसट ठिणगी पडेल. इथं प्रत्येक वेळी जाड निळी ठिणगी पट्टीवर आदळत होती. पॉइंट उघडा, चट. पुन्हा उघडा, चट. म्हणजे पट्टीवर आलेला करंट रोटरच्या पोटातून शाफ्टमध्ये उतरतोय, तिथून इंजिनच्या लोखंडात. कॅपच्या खुंटीपर्यंत तो पोचतच नाही.

आधीचा रोटर लावला. तेच.

"दोनी एकाच खोक्यातली न्हवं? मग?" एवढं बोलून आप्पा चहा प्यायला आत गेले.

माझा दिवस कास्टिंग तपासण्यात जातो. एका हीटमधल्या (भट्टीच्या एका वितळणीतल्या) एका नगात ब्लोहोल (आतली पोकळी) सापडला की आम्ही अख्खा लॉट बाजूला काढतो, दुसरा नगही खराब निघाला तर कुणाला नवल वाटत नाही. एका साच्यातून निघालेल्या मालाचा दोषही एकच असतो. दुसऱ्या रोटरनं पहिल्याला निर्दोष ठरवलं नव्हतं, त्याचा गुन्हा पक्का केला होता.

मीटरला का दिसलं नाही, तेही बसून मांडलं. माझ्या मीटरमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी. मेगर एक हजार व्होल्टचा. कोरडी हवा साधारणपणे मिलिमीटरमागे तीन हजार व्होल्टला फुटते. प्लॅस्टिकमध्ये अर्ध्या मिलिमीटरची सुईएवढी वाट असेल आणि तिच्यात नुसती हवा असेल, तर एक हजार व्होल्ट तिथं अडून बसतात आणि रीडिंग अनंत येतं. कॉइल मात्र गरज पडेल तसा दाब चढवत नेते, वीस हजारांच्या घरात जाऊ शकते. एका बाजूला रोटरच्या टोकापासून कॅपच्या खुंटीपर्यंतची फट, तिच्यापुढं प्लगची ०.७-०.८ मिलिमीटरची फट. दुसऱ्या बाजूला पोटातलं एकच भोक. करंटनं जवळची वाट धरली. प्लग सिलिंडरमध्ये असताना तर दाबाखालच्या हवेत ठिणगी पाडणं आणखी अवघड, म्हणून इंजिन खोकलंसुद्धा नाही.

२४ मे, शनिवार

दिवसभर पाऊस. उद्यमनगरात जुने पार्ट विकणाऱ्याकडे मोडायला आलेली ओम्नी उभी होती. तिचा रोटर घेतला. मूळ कंपनीचा, टोकाला थोडा खाल्लेला, पण अंगानं जड. पॉलिश पेपरनं टोक हलकंसं साफ केलं. त्याच्यासाठी मागितलेले पैसे नव्या रोटरपेक्षा जास्त होते आणि घासाघीस करायची इच्छा झाली नाही.

बसवण्याआधी आप्पांची तपासणी. एकदा पुसट ठिणगी, नंतर काही नाही.

नवी कॅप, नव्या वायरी, कोरडे प्लग. अर्धा चोक. पहिल्याच सेल्फला गाडी चालू. सायलेन्सरमधून आधी जळक्या पेट्रोलचा काळा धूर आला, मग साफ झाला. तालमीच्या कट्ट्यावरून आवाज आला, "जाळ अन् धूर संगटच!" ज्यानं दात सरकल्याचं लिहून घ्यायला सांगितलं होतं तोच हा. गाडी चालू झाली म्हटल्यावर बेल्ट मीच पुन्हा गुपचूप बसवला असणार, असं त्याचं ठाम मत आहे.

२५ मे, रविवार

दोन्ही खराब रोटरपैकी एक हॅकसॉनं उभा कापला. पितळी पट्टी एका रिव्हेटनं प्लॅस्टिकला धरलेली. रिव्हेटची शेपटी खाली शाफ्टच्या भोकाच्या दिशेनं येते. तिच्या आणि भोकाच्या मध्ये व्हर्निअरनं मोजलेलं प्लॅस्टिक ०.४ मिलिमीटर. त्यातही मधोमध काळा ठिपका, भिंगाखाली आरपार. ओम्नीच्या रोटरमध्ये रिव्हेटच नाही, पट्टी प्लॅस्टिक ओततानाच आत बसवलेली आहे, आणि तिच्याखाली दिसायला तरी तीन मिलिमीटरचा थर आहे.

३००० आरपीएमला रोटर मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि तीन सिलिंडरचं इंजिन म्हणजे सेकंदाला ७५ ठिणग्या या पट्टीवरून जातात. त्या सगळ्यांना अडवायला ०.४ मिलिमीटर. बनवणाऱ्यानं रिव्हेट एक नंबर आखूड घेतला असता तर रोटर चालला असता. पैसे वाचवण्यासाठी केलेली ही गोष्ट वाटत नाही, आखूड रिव्हेट स्वस्तच पडतो. ज्या मापाचा रिव्हेट हाताशी होता तो मारला, एवढंच. खोकं मात्र सुरेख छापलेलं, होलोग्रामसकट.

२६ मे, सोमवार

कापलेला रोटर दुकानदाराला नेऊन दाखवला. त्याला आधी वाटलं मी पैसे परत मागायला आलोय. भिंग हातात दिल्यावर बराच वेळ पाहत होता. खोक्यात आणखी तसलेच रोटर होते. "ह्यातले चार ओम्नीवाल्यांनी नेलेत की," एवढंच म्हणाला. नंतर खोकं काउंटरखाली सरकवलं. बाजूला काढलं की नुसतं नजरेआड केलं, ते पुढच्या फेरीत कळेल. पैसे घेतले नाहीत, बदल्यात पंख्याचा पट्टा आणला.

पार्ट घेताना यापुढं दुकानातच करता येईल अशी एक तपासणी: रोटर उलटा करून भोकात टॉर्च मारायचा. रिव्हेटची शेपटी धातूसारखी चमकली किंवा त्या जागी प्लॅस्टिकवर उंचवटा दिसला, तर परत द्यायचा. प्रत्येक खराब रोटर यात सापडेल असं नाही, पण हे दोन्ही सापडले असते.

३१ मे, शनिवार

इग्निशन टायमिंग टेस्ट लॅम्पनं पाहिलं. पॉइंटच्या तारेला बल्ब लावला, पुलीवरची खूण कव्हरवरच्या आकड्यांसमोर आणली, पॉइंट उघडताक्षणी बल्ब लागतो तिथं डिस्ट्रिब्युटर घट्ट केला. किंचित मागं होतं, पुढं घेतलं. पॉइंटची फट ०.४.

पहाटे ज्योतिबाला जाऊन आलो. रविवारची गर्दी नको म्हणून शनिवार. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये आई आणि भाच्यासह गाडी न अडखळता चढली. वाटेत पाऊस होता, मिसिंग नाही. वर पोचल्यावर बॉनेट उघडून कॅपला हात लावून पाहिला. कोरडी होती. खाली येताना पेट्रोलचा वास नाही.

शिल्लक कामं: टॅपेटचा आवाज डावीकडून थोडा येतोय, थंड इंजिनवर क्लिअरन्स पाहायचा. ऑइल फिल्टरच्या खाली एक थेंब दिसला, पुसून ठेवलाय, पुन्हा आला तर रबर रिंग बदलायची. ओम्नीचा आणखी एक रोटर मिळाला तर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायला घ्यायचा. आप्पांना त्यांच्या लूनाच्या कार्ब्युरेटरसाठी उद्या हात द्यायचाय.